खाटेखालचा वारा

आज दुपारी नागपूरच्या बर्डीवरून फोमची मॅट घेऊन आलो. कारण कालची रात्र.

वडगाव धरणाच्या काठावर मी अन् भाऊजी रोहूसाठी गळ टाकून बसलो होतो. माझ्याकडे फोल्डिंगची खाट आणि चांगली स्लीपिंग बॅग होती. तरी रात्री दोनला पाठीला असा गारठा झोंबला की उठूनच बसलो. भाऊजी म्हणाले, "खाटेखालून वारा जाते ना बाप्पा, ऊब कशी राहीन?" अन् स्वतःची सतरंजी चौघडी करून माझ्या पाठीखाली सारली. दहा मिनिटांत डोळा लागला. ते मात्र पहाटेपर्यंत शेकोटीजवळच बसून होते.

आपल्या वजनाखाली बॅगेचा भराव दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीकडची ऊब संपते. म्हणून बॅगेइतकीच खालची मॅट महत्त्वाची. मी 10 मिमीची, पाणी न शोषणारी घेतली. हवा भरायची गादी मऊ असते खरी, पण काठावर बाभळीचे काटे अन् जवळ गळ, मला तिचा भरवसा वाटत नाही.

सकाळी बॅगेवरून हात फिरवला तर तळहात दवानं ओला झाला. पिसांची बॅग भिजली की पिसं चिकटतात, ऊब जाते. पाण्याकाठी सिंथेटिक भरावाचीच घ्या.

खाट मात्र विकणार नाही. मे महिन्यात तोच खालचा वारा हवाहवासा वाटतो, अन् विंचवाकाट्यापासून उंचावर झोपता येतं.

मॅट दोन घेतल्यात. दुसरी भाऊजींची.