घरीच आहेस ना, मग जाऊन ये की

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी सहा आठवडे साताऱ्यातून काम केलं. एरवी मी स्टुटगार्टला असते. अकरा जणांची टीम सांभाळते. सहा जण जर्मनीत, पाच जण पुण्या-साताऱ्याकडचे. त्या सहा आठवड्यांत मी पहिल्यांदाच माझ्याच टीमच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून आपल्यात आणि तिथे साडेतीन तासांचं अंतर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे मागे घेतले की साडेचार तासांचं. म्हणजे पावसाळ्यात माझा दिवस साताऱ्यात दुपारी साडेबाराला सुरू व्हायचा आणि रात्री नऊनंतर संपायचा. सकाळ मोकळी. आईचे व्यायाम, मंडई, औषधं, सगळं सकाळीच उरकायचे. पण सकाळी मोकळी दिसणारी बाई दिवसभर मोकळीच असणार, असं घरच्यांनी आणि गल्लीनं धरून टाकलं. आजारी माणसाला बघायला पाहुणे येतात ते संध्याकाळी पाचनंतर, आणि माझ्या सगळ्या अवघड मीटिंगा तेव्हाच. चुलते बाहेर बसलेत, आत मी कानाला हेडफोन लावून. आई म्हणायची, "अगं, घरीच आहेस ना, मग दोन मिनिटं बाहेर ये की." ऑफिसला जाणाऱ्या माणसाला कुणी असं म्हणत नाही. तो दिसत नाही, म्हणून तो कामावर आहे. मी दिसत होते, म्हणून मी रिकामी होते.

आणि तिकडे बरोबर उलटं. यवतेश्वराच्या बाजूनं पाऊस आला की लाईट जायची. राउटर इन्व्हर्टरवर होता, पण गल्लीतल्या खांबावर जी इंटरनेटची पेटी असते तिलाच वीज नसली तर घरातल्या इन्व्हर्टरचा काय उपयोग? मोबाईलवरून नेट लावावं, तर सगळी आळी त्याच वेळी मोबाईलवर आलेली असायची आणि आवाज तुटायचा. नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला की स्टुटगार्टहून निरोप यायचा: आहेस का? मी असायचे. अंधारात बसून कामच करत असायचे.

इथले मित्र मला नेहमी विचारतात, तिकडचीच नोकरी घेऊन कायमची साताऱ्यात का येत नाहीस? लॅपटॉपवर तर काम. या सहा आठवड्यांच्या परवानगीसाठी कंपनीला किती कागद करावे लागले ते त्यांना सांगितलं पाहिजे. भारत-जर्मनी कर करारात नोकरदारासाठी 183 दिवसांची मर्यादा आहे. तिच्या आत राहिलं आणि पगार जर्मन कंपनीच देत असेल, तर कर सहसा जर्मनीतच भरायचा. त्यापुढे गेलं की हिशोब बदलतो. मी इथे बसून कंपनीच्या वतीनं करार करायला लागले तर कंपनीचं भारतात कायमचं ठाण आहे असं कर खातं धरू शकतं, आणि मग कंपनीलाच इथे कर लागू शकतो. तिसरं म्हणजे ग्राहकांची माहिती. युरोपातला माहिती-संरक्षणाचा कायदा 2018 पासून लागू आहे. साताऱ्यातल्या खोलीत बसून मी ती माहिती नुसती उघडून वाचली तरी तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीवरच राहते. म्हणून माझा तो प्रवेश बंद केला आणि सहा आठवडे माझ्या वाटणीचं तेवढं काम एका जर्मन सहकाऱ्यानं ओढलं. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मालकाला "हो" म्हणणं वाटतं तितकं फुकट नसतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. टीममधली एक मुलगी साताऱ्याचीच. 2020 च्या मार्चमध्ये पुण्याहून घरी आली ती आलीच. सासू-सासरे आणि लहान मुलगा, पुन्हा 110 किलोमीटर लांब खोली घेऊन राहणं तिला शक्य नव्हतं. दोन वर्षं आम्ही जवळजवळ रोज बोललो होतो, पण तिची उंची मला माहीत नव्हती. राजवाड्याजवळ भेटलो. भेळ खाता खाता तिनं मला आदल्या वर्षीचे तीन आठवडे सांगितले.

त्या तीन आठवड्यांत ती एका कामावर अडकली होती. रोज सकाळी "सुरू आहे" असं लिहायची आणि मी "छान" म्हणायचे. विचारायचं तर अकरा जणांच्या ग्रुपवर लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं. मला एकटीला फोन करावा, तर माझ्या कॅलेंडरवर बोट ठेवायला जागा नसायची. रात्री मुलगा झोपल्यावर ती दोन-दोन वाजेपर्यंत बसायची. ऑफिसात असती तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिचा चेहरा बघूनच कुणीतरी विचारलं असतं, काय गं, काय झालं? मी स्वतः नवी होते तेव्हा अशीच शिकले, शेजारच्याच्या खुर्चीमागे उभं राहून, त्याचा पडदा बघत. तिला असं कुणाच्या मागे उभं राहायला मिळालंच नव्हतं. आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं.

तिनं आणखी एक गोष्ट अगदी सहज सांगितली. आमची साडेपाचची मीटिंग तिच्याकडे रात्री नऊला असते, हिवाळ्यात दहाला. जर्मनीत कायदा आहे की एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायचं असेल, तर जिथे कर्मचारी समिती आहे तिथे तिची संमती घ्यावी लागते. हे सगळं मला माझ्या हक्काचं वाटत आलं होतं. तो कायदा साताऱ्यापर्यंत पोचत नाही. तिथे फक्त मीटिंगचं निमंत्रण पोचतं, आणि ते मी पाठवत होते. मला तिच्यासमोर मान वर करून बघवेना.

परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी दोन गोष्टी बदलल्या. जर्मनीच्या दुपारी तीननंतर पूर्ण टीमची मीटिंग नाही. वरून विचारणा झाली, ग्राहकाला तीच वेळ सोयीची आहे, मग? मग जर्मनीतले सहा जण त्या मीटिंगला बसतील आणि टिपण लिहून ठेवतील. यावर वाद झाला, अजून अधूनमधून होतो, आणि मी मागे हटणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रोज अर्धा तास एक कॉल उघडा ठेवते. विषय नाही, कॅमेरा नाही, हजेरी नाही. जो तो आपापलं काम करतो. कुणाच्या कीबोर्डचा आवाज येतो, कुणाकडे कुकरच्या शिट्ट्या होतात. पहिले दोन आठवडे कुणी काही बोललंच नाही. मला वाटलं, फुकट चाललंय, बंद करावं. तरी ठेवला.

परवा तिनं न विचारता आपला पडदा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "ताई, हे बघा की, इथं अडलंय माझं."