पुढे जायचंय? मग ब्रेक मारा

रिंग रोडवर पुढे ट्रक दिसला, की नागपूरकराचा हॉर्न आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबला जातो. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ही हुशारी चालत नाही. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ या अंतराळयानातल्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी हेच करून पाहिलं. यानापासून सुटून कक्षेतच फिरणाऱ्या, रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे यानाचं तोंड वळवून ते जेट चालवत राहिले. टप्पा काही हाती लागेना, इंधन मात्र भराभर संपू लागलं. शेवटी नाद सोडला.

असं होतं कारण कक्षा म्हणजे सतत पडत राहणं. ४०० किलोमीटरवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतंच. यान खाली येत नाही ते सेकंदाला पावणेआठ किलोमीटर या वेगामुळे. आता त्याला पुढच्या दिशेने सेकंदाला फक्त १ मीटरचा धक्का द्या. फुटाळा तलावावर फिरायला येणारे आजोबाही याहून जोरात चालतात! थोडा वेळ यान पुढे सरकल्यासारखं वाटतं. मग कक्षेची पलीकडची बाजू साडेतीन किलोमीटर उंचावते आणि फेरी दोन सेकंदांनी लांबते. दोनच सेकंद, पण त्या वेगात एका फेरीअखेर यान सुमारे १७ किलोमीटर मागे पडतं. सीताबर्डी ते कामठीच म्हणा ना.

म्हणून पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करायचा. यान खाली उतरतं, आतली छोटी फेरी लवकर संपवतं आणि आपोआप पुढे सरकतं. जवळ आलं की तेवढाच धक्का पुढे देऊन पुन्हा वर चढायचं. तो विसरलात तर लक्ष्याच्या खालून निघून जाल. सेकंदाला १ सेंटिमीटर चुकलं तरी फेरीमागे १७० मीटरचा फरक पडतो.

म्हणूनच हे काम टप्प्याटप्प्याने करतात. दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडून पाहण्याच्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत ३० डिसेंबर २०२४ ला सुटलेले प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह ४७५ किलोमीटरवर फिरत होते. ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५, १५, ३ अशी थांबत थांबत जवळ यायची योजना होती. २२५ मीटरकडे जाताना ते अपेक्षेपेक्षा जास्त वाहवत गेले आणि जोडणी पुढे ढकलावी लागली. ती झाली १६ जानेवारी २०२५ ला. अगदी जवळ आल्यावर मात्र नाकासमोर सरळ जाता येतं, कारण तेवढ्या अवधीत कक्षेला खोडी काढायला फारसा वेळच मिळत नाही. तिथेही घाई नाहीच: जुळतानाचा वेग ठरवला होता सेकंदाला साधारण १ सेंटिमीटर.