तो जुना मॅक अजून चालतो कसा?

माझ्या कामाच्या टेबलावर, नव्या संगणकाच्या शेजारी, किलोभर मिठाईच्या खोक्याएवढा एक पांढऱ्या झाकणाचा मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा संगणक, आहे. घरी येणारे बहुतेक जण त्याच्याकडे पाहून विचारतात, "हा अजून चालतो? आणि यावर इंटरनेट कसे काय लागते?" परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

हा मॅक 2005 सालचा असून त्यात पॉवरपीसी जातीचा (इंटेलहून वेगळ्या घराण्यातला) जी-फोर प्रोसेसर आहे. तो बाजारात आला त्याच वर्षी, जूनमध्ये, ॲपलने आपण इंटेलकडे वळणार असल्याचे जाहीर केले. म्हणजे घरात पाऊल ठेवतानाच हा आपल्या कुळातला शेंडेफळ ठरला होता. 2009 च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून मॅक ओएस, म्हणजे मॅकची कार्यप्रणाली, या यंत्रांवर चालेनाशी झाली. मी तर त्याही मागच्या टायगर आवृत्तीवर थांबलो आहे, आणि त्याचे कारण पोटापाण्याचे आहे. जुनी मॅक ओएस 9 आपल्या पोटात चालवू देणारी टायगर ही शेवटची आवृत्ती, आणि मॅकवरचा पेजमेकर 7 हा पानमांडणीचा प्रोग्रॅम त्या जुन्या ओएसशिवाय चालत नाही. मी अक्षरजुळणी केलेली कित्येक पुस्तके त्याच पेजमेकरमध्ये, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टांत आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे नव्या संगणकावर मजकूर उघडला की ज्ञानेश्वरीच्या ओवीच्या जागीही रोमन अक्षरे आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी दिसते.

आता इंटरनेटचे. यंत्राच्या आत म्हातारे होण्यासारखे फारसे काही नसते. पंखा आणि हार्ड डिस्क सांभाळली की झाले. जुनी होते ती त्याची बाहेरच्या जगाशी असलेली ओळख. टायगरमधल्या सफारी या ब्राउझरला सुरक्षित जोडणीच्या आजच्या पद्धती ठाऊकच नाहीत, आणि संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या ज्या प्रमाणपत्रांवर त्याचा विश्वास होता त्यांतल्या अनेकांची मुदत संपली आहे. त्यामुळे वायर ठीक, जोडणी ठीक, तरी संकेतस्थळ दारातूनच परत पाठवते.

हे दार उघडून दिले टेनफोरफॉक्स या ब्राउझरने. फायरफॉक्स या ब्राउझरची चौथी आवृत्ती मार्च 2011 मध्ये आली ती पॉवरपीसी मॅकना वगळूनच. त्याच्या काही महिने आधीपासून कॅमेरॉन कायझर यांनी तोच ब्राउझर टायगरवर बांधायला घेतला होता; नावातले 'टेनफोर' म्हणजे टायगरचा 10.4 हा क्रमांक. मूळ प्रोग्रॅम केवळ पुन्हा कंपाइल करून (यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून) भागण्यासारखे ते काम नव्हते. जावास्क्रिप्ट, म्हणजे संकेतस्थळांमधला प्रोग्रॅम, आयत्या वेळी प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा भाग पॉवरपीसीसाठी त्यांना स्वतः लिहावा लागला, आणि जी-थ्री, दोन प्रकारचे जी-फोर व जी-फाइव्ह अशा चार जातींसाठी वेगवेगळ्या प्रती काढाव्या लागल्या.

त्यातली एक अडचण मराठी माणसाला चटकन कळेल. आपण पंचवीस लिहिताना दोन आधी लिहितो, पण बोलताना पाच आधी म्हणतो. इंटेलचा प्रोसेसर मोठी संख्या स्मृतीत ठेवताना आपल्या बोलण्यासारखा धाकटा भाग आधी ठेवतो, तर हे मॅक लिहिण्यासारखा थोरला. आजचे बहुतेक प्रोग्रॅम बोलण्याचा क्रम गृहीत धरून लिहिलेले असतात. तो क्रम कुठे उलटायचा राहून गेला की चित्रातला लाल आणि निळा रंग जागा बदलतात आणि लग्नाच्या फोटोतले सगळे वऱ्हाड निळेसावळे दिसू लागते. अशा चुका शोधण्यासाठी तज्ज्ञापेक्षा चिकाटीचा माणूस लागतो, असे माझे मत आहे.

दुरुस्तीतला माझा वाटा त्या मानाने फुटकळ आहे. मध्यंतरी एके दिवशी एकही संकेतस्थळ उघडेना. ब्राउझरलाच दोष देऊन मी दोन तास घालवले, आणि मग लक्षात आले की संगणकाच्या मते आज 1 जानेवारी 1970 आहे. जन्माला यायचे असलेले प्रमाणपत्र तो कसे मान्य करणार? रंगारी भिंतीला लांबी लावतात ती पातळ पट्टी फटीत सरकवून झाकण उघडले, आतला नाण्याएवढा सेल बदलला, तारीख लावली आणि सगळे पूर्ववत झाले.

कायझर यांनी 2021 मध्ये तयार प्रती देणे थांबवले. दहा वर्षे विनामूल्य राबलेल्या माणसाने थांबण्यात गैर काही नाही. सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, मात्र खुला आहे, आणि त्यावरून निघालेल्या इंटरवेबपीपीसीसारख्या शाखा इतरांनी बांधल्या आहेत. मी त्या आयत्या प्रतींवरच जगतो. या मॅकवर बँकेचे व्यवहार मी कधीच करत नाही, आणि कोणी करूही नयेत. फाइली पेन ड्राइव्हने नेता आल्या असत्या, हेही मान्य. पण ज्या यंत्रावर पान लावले त्यावरूनच ते लेखकाला पाठवावे, हा माझा हट्ट आहे.

हे आणखी किती वर्षे चालणार, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पेजमेकरमधली चौदा पुस्तके अजून युनिकोडमध्ये आणायची आहेत. रूपांतराचे साधन वापरले तरी रफार आणि जोडाक्षरे ओळीओळीने डोळ्यांखालून घालावी लागतात, त्यामुळे एका पुस्तकाला दोन महिने सहज जातात. पुढचा हिशेब तुम्हीच करा.