मसुद्यात न लिहिलेले नाव

मी नाशिकच्या दिवाणी न्यायालयात वकिली करते. सनद मिळाली तेव्हा आजोबांनी माझ्या नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले ‘होय तर होय, नाही तर नाही’ हे प्रभूचे शब्द लिहून दिले होते. खोटे लिहायचे नाही एवढे पाळले की ख्रिस्ती वकिलाचे कर्तव्य पार पडले, अशी तेव्हा माझी समजूत होती. पुढे एका वारसाच्या कामात ही समजूत अपुरी ठरली. त्या कामातील नाती आणि काही तपशील मी येथे मुद्दाम बदलले आहेत, कारण पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट काम संपल्यावरही वकिलाची होत नाही.

आमच्याच मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी होती. थोरला मुलगा वारस दाखल्यासाठी माझ्याकडे आला, त्याने पाच हजार रुपये आगाऊ दिले आणि मी अर्जाचा मसुदा करायला घेतला. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ येथपर्यंत टंकलिखित झाले, वारसांच्या तक्त्यात आईचे व दोघा भावांचे नाव भरले आणि मी बहिणीचे पूर्ण नाव विचारले. तेव्हा तो सहज म्हणाला, “ताई, तिचं नाव नको. तिच्या लग्नात बाबांनी सगळं दिलंय.”

आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबांतही हा समज खोलवर रुजलेला आहे. वास्तविक आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांच्यात काडीचाही भेद नाही. विधवा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत सर्व मुलांना सारखा वाटा, अशी ती विभागणी आहे. म्हणजे या घरात तिन्ही भावंडांचा प्रत्येकी 2/9 हिस्सा होता. बहिणीला वगळले की प्रत्येक भावाचा हिस्सा 1/3 होत होता. मी त्याला हे कागदावर मांडून दाखवले. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर ती स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकेल, तेव्हा दादा, आधी तिला विचारा, असेही सांगितले. “तिला विचारलं तर ती मागेल,” असे तो म्हणाला. मग मात्र मी स्पष्टच सांगितले की हे प्रतिज्ञापत्र माझ्या हातून होणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पाच हजार रुपये आणि कागदपत्रे परत केली व तशी पोच घेतली.

यापुढचा काळ मला फार कठीण गेला. ती बहीण महिला मंडळात माझ्याबरोबर असते आणि उपासनेला माझ्या पुढच्याच बाकावर बसते. तिच्या पाठीकडे पाहत मी तासभर प्रार्थना करायची आणि तिच्या घरात काय शिजते आहे हे ठाऊक असून बाहेर पडताना तिच्या मुलांची चौकशी करायची, असे कित्येक रविवार गेले. एका शब्दाने तिला सावध करता आले असते, आणि तो शब्द बोलणे हीच ख्रिस्ती प्रीती आहे असे मन आग्रहाने सांगत होते.

मी पुराव्याच्या कायद्याचे कलम 126 पुन्हा पुन्हा वाचले (आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 132 आहे). वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला ते संरक्षण देते, पण बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी केलेले बोलणे त्यातून वगळते. ही पळवाट मला हवीहवीशी वाटत होती. शेवटी कोणाचेही नाव न घेता मी माझ्या सिनियरांना विचारले. ते म्हणाले, “न्यायालयाने विचारलं तर काय सांगायचं, याचा तो अपवाद आहे. आपण होऊन घरोघर सांगत सुटायची परवानगी त्यात नाही. आणि तुझ्याकडून तर काही दाखलच झालेलं नाही.” पाळकसाहेबांना मी एवढेच सांगितले की कामातले एक ओझे आहे आणि ते उघड करता येत नाही, त्यांनी काहीही न विचारता माझ्यासाठी प्रार्थना केली. त्या न विचारण्याने मला मोठा धीर आला. आज मी बोलले, तर उद्या माझ्यासमोर बसणारी एखादी पीडित स्त्री मन मोकळे करताना कचरेल, हे मला त्या दिवसांत हळूहळू उमगत गेले.

काही महिन्यांनी ती बहीणच माझ्या घरी आली. तिने पर्समधून गीतांचे पुस्तक काढले आणि त्यात घडी घालून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण माझ्यापुढे उलगडले. भावांनी दुसऱ्या वकिलामार्फत अर्ज केला होता आणि हरकती मागवणारी न्यायालयाची जाहीर नोटीस छापून आली होती. ‘ताई, माझी केस तुम्हीच घ्या,’ असे ती म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. बार कौन्सिलच्या नियम 33 प्रमाणे ज्याला आपण एखाद्या कामात सल्ला दिला, त्याच्याविरुद्ध त्याच कामात उभे राहता येत नाही. आणि हे कारणही मला तिला सांगता येत नव्हते. मला हे काम घेता येणार नाही, कारण विचारू नकोस, पण हरकतीची मुदत चुकवू नकोस, एवढेच मी बोलले. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही तिला सांगितले आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयाचा रस्ता दाखवला. ती नाराज होऊनच गेली.

त्या दिवसांत मला कॉर्नेलिया सोराबजी यांची फार आठवण येई. 1866 मध्ये नाशिकला एका ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या बाईंनी 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण भारतात स्त्रियांना वकिलीची वाट 1923 च्या कायद्याने मोकळी झाली. मधली कित्येक वर्षे त्या पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी झटत राहिल्या. न्यायालयात उभे राहता येत नसतानाही एखादीच्या उपयोगी पडता येते, हे त्यांच्याकडे पाहून मला पटले.

पुढे बहिणीने हरकत घेतली, लोकअदालतीत तडजोड झाली आणि तिचा हिस्सा लेखी मान्य झाला. ही बातमी तिनेच मला चर्चच्या अंगणात सांगितली. थोरला भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही, मात्र प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही तिघेही एकाच कठड्यापाशी गुडघे टेकतो. आता वारसाच्या कामासाठी कोणी आले की फी ठरवण्याआधी मी कोऱ्या कागदावर मृताची वंशावळ काढते आणि पहिला प्रश्न विचारते, “मुली किती?”