आठ टक्के घेणारा एजंट आणि गेटवर अडकलेला टेम्पो

आम्ही नागपूरला, फ्लॅट पुण्यात बाणेरला. मुलगा तिथे नोकरीला होता तोवर तो राहायचा. त्याची बदली हैदराबादला झाली आणि घर रिकामं पडलं. भाड्याने द्यायचं तर दर वेळी कोण गरीबरथने रात्रभर प्रवास करणार? म्हणून ‘फुल मॅनेजमेंट’ करणारा एजंट गाठला. भाडेकरू आणून दिला की एक महिन्याचं भाडं, आणि नंतर दर महिन्याला भाड्याच्या आठ टक्के. कामांची यादी त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवली होती: भाडेकरू शोधणे, करार, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटी समन्वय, दुरुस्ती.

भाडेकरू लगेच मिळाले. नवराबायको, दोघंही आयटीत, आधी बेंगळुरूला होते. भाडं 28,000, डिपॉझिट एक लाख. करारही झाला. आमचे अंगठे नागपुरातच, करार करून देणाऱ्या एका ऑफिसात घेतले. तोवर मी मैत्रिणींना सांगत होते, एजंट ठेवा गं, काही कटकट नाही.

मग एका शनिवारी संध्याकाळी भाडेकरीण मुलीचा फोन. "आंटी, टेम्पो गेट पे खड़ा है, अंदर नहीं छोड़ रहे." सिक्युरिटीवाला म्हणतो, ऑफिसची एनओसी दाखवा. सोसायटीचं ऑफिस बंद. सेक्रेटरी फोन उचलेनात. टेम्पोवाला वेटिंगचे पैसे मागतोय. मी एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते सोसायटीचं ओनरलाच बघावं लागतं."

यादीत ‘सोसायटी समन्वय’ लिहिलंय ना? तर म्हणे, मी फॉर्म नेऊन दिला होता, तोच समन्वय.

सामान त्या रात्री टेम्पोतून उतरून त्यांच्या मित्राच्या पार्किंगमध्ये गेलं. सोमवारी ऑफिस उघडल्यावर मॅनेजरने फोनवर अटी सांगितल्या. एनओसीसाठी मूळ मालकाने स्वतः यावं. मूव्ह-इनचे पाच हजार भरावेत, परत मिळणार नाहीत. आणि भाडेकरू असेपर्यंत मेंटेनन्सवर दरमहा पंधराशे जादा. का? "कमिटीचा ठराव आहे." ठरावाची प्रत मागितली तर ती सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींना मागितली तर ती ऑफिसात.

एजंटचा सल्ला काय, तर भरून टाका मॅडम, पाच हजार भाडेकरूकडून काढू, सगळेच भरतात. मी चिडून विचारलं की तुम्ही जाऊन भांडत का नाही? तेव्हा खरं कारण बाहेर आलं. त्याच सोसायटीतले बरेच फ्लॅट त्याच्याकडे आहेत. त्याला रोज त्याच गेटमधून आत जायचंय, त्याच मॅनेजरकडून पुढच्या भाडेकरूचं काम करून घ्यायचंय. माझ्या पंधराशेसाठी तो कमिटीशी वाकडं कशाला घेईल? हे मला ‘एजंट ठेवावा का’ या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर वाटतं. पैसे तुम्ही देता, पण रोजचं तोंड त्याला सोसायटीला दाखवायचं असतं. जिथे तुमचं आणि सोसायटीचं पटत नाही, तिथे तो तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

मी बँकेत नोकरी केली आहे, कागद वाचायची सवय आहे. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने घालून दिलेले नमुना नियम, काढून वाचले. सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सने द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही. लेखी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, बस. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे जादा घेते त्या बिनभोगवटा शुल्काचं (आमचे पंधराशे त्यातलेच) तर 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशातच आहे: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो आदेश उचलूनही धरला. इथे एक ग्यानबाची मेख आहे. दहा टक्के अख्ख्या मेंटेनन्स बिलाचे नाहीत, फक्त सेवाशुल्काचे. आमच्या बिलात सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी वगैरे बाजूला काढल्यावर सेवाशुल्क उरलं 2,300. म्हणजे शुल्क 230 रुपये. आणि हे मागत होते पंधराशे!

मग सेक्रेटरींच्या नावे पत्र लिहिलं. फ्लॅट दिल्याचं कळवलं, नोंदणीकृत करार आणि पोलीस व्हेरिफिकेशनची पोच जोडली, आदेशाची तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘प्रत माहितीसाठी: उपनिबंधक, सहकारी संस्था’. ईमेल केली, स्पीड पोस्टाने पाठवलं, आणि मुलाच्या मित्राला ऑफिसात पाठवून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायला लावली. मॅनेजर शिक्का मारायला तयार नव्हता. तो पोरगा खुर्ची ओढून तिथेच बसला. शिक्का मिळाला.

‘उपनिबंधक’ म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी. तो शब्द वाचून कमिटीला अचानक वेळ मिळाला. भाडेकरूंची नावं गेटच्या अॅपमध्ये चढली. पाच हजार ‘लिफ्टला धक्का लागला तर’ म्हणून परतीचं डिपॉझिट झाले. ते मी मान्य केलं, टेम्पोवाले लिफ्टचे काय हाल करतात ते मीही पाहिलंय. पंधराशे मात्र अजून बिलात येतात. मी 230 भरते आणि दर वेळी त्याच पत्राचा संदर्भ देऊन कळवते. थकबाकीची नोटीस आली तर दाखवायला फाईल तयार आहे. खरं सांगायचं तर जरा मजाही येते.

एजंट अगदीच कुचकामी होता असं नाही. पावसाळ्यात आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छतावर पाणी गळायला लागलं, तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी प्लंबर नेला, फोटो पाठवले, बिल 1,400 आलं. नागपुरात बसून हे मला जमलं नसतं. पण हिशेब करा. 28,000 चे आठ टक्के 2,240, वर्षाचे 26,880. जवळजवळ एक महिन्याचं भाडं, एका गळतीसाठी. आणि ही फी इन्कम टॅक्समध्ये वेगळी वजा होत नाही. घरभाड्यावर जी सरसकट तीस टक्के वजावट मिळते, त्यातच सगळा खर्च आला, एजंट ठेवा की नका ठेवू.

कराराचं एक राहिलंच. आधी एजंट म्हणत होता, नोटरी करू, स्वस्तात होईल. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, एजंटची नाही. नोंदणीकृत करार नसेल आणि उद्या वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम आपल्या गळ्यात. नोटरीने पैसे वाचतात तरी किती? अकरा महिन्यांसाठी आमचं मुद्रांक शुल्क साधारण आठशे आलं आणि नोंदणी फी हजार.

डिपॉझिट आणि भाडं सरळ आपल्या खात्यात घ्या. एजंटच्या खात्यातून आठ टक्के कापून उरलेलं येणार असेल तर तिथेच नाही म्हणा. ‘माझा महारेरा नंबर आहे’ यावरही भुलू नका, ती नोंदणी प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी असते, तुमचं भाड्याचं घर सांभाळण्याशी तिचा संबंध नाही. आणि पुणे महापालिकेच्या हद्दीत घर असेल तर मालमत्ता करातली चाळीस टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच असते. भाडं ठरवतानाच हा फरक धरा, एजंट सांगत नाही.

करार संपत आलाय. एजंटचा फोन येऊन गेला, रिन्यूअलचे अर्धा महिना भाडं आणि ‘तुमच्यासाठी’ सहा टक्के. मी उलट विचारलंय: टक्केवारी बंद, दर फेरीला पाचशे आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियनचं बिल मी थेट भरेन. भाडेकरू बदलला तर ब्रोकरेज आनंदाने देईन, ते काम तो चांगलं करतो. सोसायटीचा पत्रव्यवहार माझ्याकडे राहील. "विचार करून सांगतो मॅडम," म्हणालाय. तोवर किल्लीचा दुसरा जोड त्याच्याकडून घेऊन शेजारच्या जोशीकाकूंकडे ठेवलाय.