हिरवं दिसलं, म्हणजे नक्की काय दिसलं?

"पेशी हिरव्या चमकल्या, म्हणजे आत हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलं, हे सिद्ध झालं ना?" लॅबमध्ये नव्याने येणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. परवा तुम्ही औषध दिलेल्या पेशींचा मायक्रोस्कोपखालचा फोटो पाठवलात, त्याखालीही तो होताच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सिद्ध झालं नाही. आपण आत सोडलेल्या प्रोबचं, म्हणजे चमकून खबर देणाऱ्या रेणूचं, कशाने तरी ऑक्सिडीकरण झालं, एवढंच त्या चमकेवरून कळतं. कशाने, हा शोध तिथून सुरू होतो.

तुम्ही वापरलात तो प्रोब डीसीएफएच-डीए (डायक्लोरोडायहायड्रोफ्लुरोसिन डायअॅसिटेट). १८७१ साली अडोल्फ फॉन बायर यांनी बनवलेल्या फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाच्याच घराण्यातला. पेरॉक्साइड मोजायला तो १९६५ पासून वापरात आहे. त्याची रचना मला आजही मोहवते. चमक नसलेला हा रेणू पेशीपटलातून अलगद आत शिरतो. आतली एस्टरेज विकरं त्याचे दोन अॅसिटेट गट कापतात, मग त्याला बाहेर पडणं जड जातं. ऑक्सिडीकरण झालं की तो डीसीएफ (डायक्लोरोफ्लुरोसिन) होतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा उजळतो.

पण नुसत्या हायड्रोजन पेरॉक्साइडला तो जवळजवळ दाद देत नाही. मध्ये लोह, पेरॉक्सिडेज विकर किंवा सायटोक्रोम सी हे प्रथिन असं कुणीतरी लागतं. मरणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, तेव्हा पेरॉक्साइड तेवढंच असूनही चमक वाढू शकते. त्याहून वाईट म्हणजे, ऑक्सिडीकरणाच्या मधल्या टप्प्यावर हा प्रोब ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, त्यातून सुपरऑक्साइड आणि पुढे पेरॉक्साइड तयार होतं. जे मोजायचं, तेच तो स्वतः बनवत बसतो!

मला हे पुस्तकातून कळलं नाही. औषध न दिलेल्या पेशींवर मी फोकस जुळवत होते आणि डोळ्यांदेखत त्या उजळत गेल्या. औषध नाही, काही नाही. मायक्रोस्कोपचा निळा प्रकाशच प्रोबला ऑक्सिडाइज करत होता. त्याआधीच्या तीन आठवड्यांचे फोटो मी बाजूला ठेवले. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून प्रकाश कमीत कमी, एक्सपोजर सगळ्यांना सारखं, आणि फोटोची जागा एकदाच उजेडात.

तेव्हा बर्कलीत असलेल्या रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर चँग यांच्या गटाने २००४ मध्ये बोरोनेटवर, म्हणजे बोरॉन असलेल्या रासायनिक गटावर, आधारलेला प्रोब मांडला. पेरॉक्साइड बोरोनेट गट काढून टाकतं आणि रंग मोकळा होतो. हे पुष्कळच नेमकं. तरी नायट्रिक ऑक्साइड आणि सुपरऑक्साइड मिळून होणारं पेरॉक्सिनायट्राइट हीच क्रिया सुमारे दहा लाख पट वेगाने करतं, त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या पेशींत, मॅक्रोफाज या रोगप्रतिकारक पेशींमध्ये वगैरे, तिथेही सावध राहावं लागतं.

म्हणून उलटतपासणी हवी. पेशीच्या आत कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं विकर, वाढवलं तर चमक उतरते का? (पेशींभोवतीच्या माध्यमात नुसतं ओतलेलं कॅटलेज सहजी आत जात नाही, हे विसरू नका.) नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर रोखलं तर काय होतं? प्लेटच्या पेशी नसलेल्या खळग्यात (वेलमध्ये) औषध आणि प्रोब एकत्र ठेवले तर ते आपापसातच चमकतात का?

तुमच्या फोटोत यातलं एकही कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा जोडप्रयोग, नाही. ते लावून प्लेट पुन्हा करा, शक्य तर बोरोनेट प्रोबही शेजारी ठेवा. प्लेट वाचायच्या दिवशी मला कळवा, मी येते.