आमची वाटचाल : मसाला आमचा, वाटप तुमच्या घरचं

आमच्याकडे मोजक्याच वस्तू मिळतात. मालवणी मसाला, वड्याचं पीठ, कुळथाचं पीठ, सोलं म्हणजे वाळवलेल्या कोकमाच्या साली, आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, आणि हंगामात माशाच्या आमटीत घालायची तिरफळं. इतक्या वर्षांत ही यादी वाढली नाही आणि वाढवायचा विचारही नाही. डब्यातली सोलकढी, तयार रस्सा, गरम पाण्यात कालवून खायची पिठी, अशा मागण्या सारख्या येतात. आम्ही नाही म्हणतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये जे करता येत नाही तेवढंच आपण करायचं, हे आमचं सुरुवातीपासून ठरलेलं आहे. मिरची वाळवायची, मसाला कांडायचा, कुळीथ भरडून पाखडायचे, सोलं उन्हात घालायची, याला अंगण लागतं, कडक ऊन लागतं, हाताशी माणसं लागतात. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत ते सगळं आहे. रांधणं, आणि त्यासाठी लागणारं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, मात्र ज्याच्या त्याच्या घरीच व्हायला हवं.

सुरुवात सासूबाईंची. दर मे महिन्यात घरचा वर्षाचा मसाला व्हायचा, त्यात मुंबईच्या दिरांचा, नणंदांचा वाटा असायचा. सुट्टी संपवून चाकरमानी परत निघाले की प्रत्येकाच्या पिशवीत एक बरणी. मग त्या बरणीतलं गिरगावच्या, लालबागच्या शेजाऱ्यांनी चाखलं आणि पुढच्या वर्षी पैसे पाठवून मागवलं. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाल्यावर येणंजाणं वाढलं, तशी मागणीही वाढली. 2011 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा आम्ही नोंदणी केली, पाकिटावर क्रमांक छापला, आणि घरचं काम धंदा झालं.

मसाल्याबद्दल मला मोकळेपणाने लिहायचं आहे, कारण लोक विचारतात आणि यात लपवण्यासारखं काही नाही. रंग बेडगी मिरचीचा, तिखटपणा संकेश्वरी मिरचीचा. बेडगी मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सुरकुतलेली, गडद लाल, तिखट बेताची. नुसत्या बेडगीचा मसाला दिसायला सुरेख होतो पण माशाच्या आमटीत कमी पडतो. नुसती संकेश्वरी घातली तर मुलं ताटावरून उठतात. दोन्हींचं प्रमाण आम्ही दर वर्षी मिरची चाखून ठरवतो, कारण एकाच गावची मिरचीही दरसाल सारखी येत नाही. देठ काढून दोन-तीन दिवस उन्हात, हाताने मोडली तर कट् आवाज आला पाहिजे. किलोभर मिरचीला अर्धा किलो धणे, मग बडीशेप, खसखस, दालचिनी, लवंग, मिरी, मसाला वेलची, बाद्यान (चक्रीफूल), जायपत्री, नागकेशर, तमालपत्र, शहाजिरं, हळकुंड, हिंग. दगडफूल सगळ्यात शेवटी, आच बंद केल्यावर, नुसत्या गरम कढईत. ते जळलं तर अख्ख्या घाण्याला कडवट वास लागतो.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धण्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खसखस काळी पडते. पाच किलोचा घाणा असला तरी आमच्याकडे भाजायला एकच बाई बसते, कारण वास एकाच नाकाला कळला पाहिजे. कांडताना आम्ही डंकच वापरतो, म्हणजे मुसळासारखं कुटणारं यंत्र. चक्कीत मसाला तापतो, आणि तापला की त्याचा वास दळतानाच उडून जातो. डंकात वेळ जास्त जातो पण पाकीट सहा महिन्यांनी उघडलं तरी घरभर वास पसरतो. नवं कांडप यंत्र घेतलं ते केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून, त्यात 35 टक्के अनुदान असतं. घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांनी ही योजना जरूर बघावी. कागदपत्रं पुष्कळ लागतात, पण जिल्ह्याला नेमलेली माणसं प्रकल्प अहवाल करायला मदत करतात.

आता वाटपाचं. "वयनी, तयार वाटप देशात काय?" (द्याल का?) हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. कांदा-खोबरं भाजून वाटलेलं वाटप हाच मालवणी जेवणाचा जीव, आणि ओलं खोबरं म्हणजे नाशवंत जिन्नस. ते टिकवायचं तर त्यात टिकवणारी द्रव्यं घालावी लागतात, नाहीतर ते खवट होतं. काहीही घातलं तरी सकाळी खवलेल्या नारळाची चव त्याला येत नाही. म्हणून मसाल्याच्या प्रत्येक पाकिटात आम्ही एक चिठ्ठी घालतो: वाटप कसं करायचं, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला किती, कोंबडीच्या रश्शाला किती.

चिठ्ठी वाचूनही पहिल्यांदा करणाऱ्याचा हात अडतो तो खोबऱ्याच्या रंगावर. "लालसर होईपर्यंत" म्हणजे नेमकं किती? यावर आम्ही एक सोय केली आणि ती आता कामाचा भागच झाली आहे. कढईचा फोटो पाठवा, आम्ही सांगतो. डोंबिवलीच्या एका मुलाने पहिला फोटो पाठवला, खोबरं जेमतेम पिवळं. लिहिलं, अजून भाजा, आच मंद ठेवा, हात थांबवू नका. दुसऱ्या फोटोत बदामी. अजून थोडं. तिसऱ्यात गडद तपकिरी, कडेला तेल सुटायला लागलेलं. आता उतरवा आणि लगेच ताटात काढा, कढईत ठेवलंत तर तिच्या उष्णतेने करपेल. रात्री त्याचा निरोप आला, "आवशीच्या हातची चव इली", आईच्या हातची चव आली. त्याने पाटा नव्हे, मिक्सरच वापरला होता. त्याला काही हरकत नाही. पाणी मात्र थेंब थेंब घालून गंधासारखं मऊ वाटायचं, रवाळ राहिलं तर रश्शात खोबरं आणि पाणी वेगळं होतं.

2020 च्या टाळेबंदीत ही फोटोंची देवघेव एकदम वाढली. खानावळी बंद, माणसं घरात, आणि कुळथाच्या पिठीची आठवण सगळ्यांना एकदम झाली. आधी माल पाठवायला गाडीच नव्हती, त्याच वर्षी एसटीने मालवाहतूक सुरू केली तेव्हा वाट मोकळी झाली. पिठी शिकवणं सोपं. तेलात ठेचलेली लसूण, कांदा, हिरवी मिरची, त्यावर पाणी, दोन-तीन सोलं, मीठ. चार माणसांना चार मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं आणि उकळत्या पाण्यात ओतताना दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. कोरडं पीठ उकळीत टाकलं की गुठळ्या झाल्याच. वरून खोबरं-कोथिंबीर, आणि सोबत मऊ भात. ताप येऊन गेलेल्या माणसाला याच्यासारखं जेवण नाही, असं मी ठाम सांगते.

सोलांचं काम एप्रिल-मे महिन्यातलं. पिकलेलं कोकम फोडायचं, साली वेगळ्या, गर वेगळा. साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असे चार-पाच हात झाले की सोल काळपट जांभळं आणि मऊसर होतं. एकदाच वाळवून विकलेलं सोल हाताला कडक लागतं आणि आमटीत रंग सोडत नाही, विकत घेताना तेवढं बघा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हाला अभिमान आहे, पण बागायतदाराचं फळ झाडाखालीच सडत राहिलं तर त्या मानांकनाचा उपयोग काय? म्हणून आम्ही कोकम वाडीतल्याच लोकांकडून घेतो, आणि पैसे त्याच दिवशी देतो.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सोलं अर्धवट वाळलेली होती. वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. शेजारच्या बायकांनी आपापल्या घरात, माळ्यावर, चुलीच्या वर सुपं टांगून आमची सोलं वाळवली. कोणी सांगितलं नव्हतं. सोलं काही ठिकाणी धुराच्या वासाची झाली, ती आम्ही घरच्या वापराला ठेवली आणि बाजारात पाठवली नाहीत, पण त्या बायकांना पैसे पूर्ण दिले. त्यानंतर सौर वाळवणीयंत्र घेतलं. ढगाळ दिवसांत ते कामाला येतं, मिरचीला मात्र मी अजूनही उघडं ऊनच देते.

आता काम करणाऱ्या सगळ्या वाडीतल्याच. देठ काढायचं काम किलोवर, भाजणं-पाखडणं रोजावर. हंगामात सकाळी लवकर यायचं, ऊन चढायच्या आत मिरची पसरायची. त्यांच्यातल्या काहींच्या मुली मुंबईत नोकरी करतात आणि आमच्याच चिठ्ठ्या वाचून घरी वडे थापतात. वड्याच्या पिठाचं प्रमाण ठरवलं ते या बायकांनीच: तांदूळ जास्त, उडीद डाळ, थोडे गहू, थोडी चणाडाळ, धणे, मेथी, बडीशेप, दळण जरा रवाळ. कोमट पाण्यात भिजवून तीन-चार तास झाकून ठेवा, केळीच्या पानाला तेल लावून थापा, तेल चांगलं तापलेलं असू द्या. वडा फुगला नाही तर पीठ सैल झालं आहे, एवढंच.

तिरफळांबद्दलही दर वर्षी सांगावं लागतं. आतलं काळं बी कडू, ते काढून टाकायचं. वरची साल नुसती ठेचून बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या आमटीत उकळी येताना घालायची, वाटायची नाही. सोलकढीत ती पडत नाहीत. आणि सोलकढी कधी गरम करू नका, नारळाचं दूध फुटतं.

यंदाचा मसाला मे अखेरपर्यंत कांडून होईल. मृग लागला की आम्ही डंक बंद करतो, कारण ओल्या हवेत दळलेल्या मिरचीला बुरशी लवकर धरते. जून ते मार्च जे मिळतं ते हंगामात भरून ठेवलेलं, आणि संपलं की पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागतं. ताजी तिरफळं गणपतीच्या सुमाराला येतात. वड्याचं आणि कुळथाचं पीठ दर पंधरवड्याला दळतो, त्यामुळे ते वर्षभर मिळेल. ज्यांना वाटपाचा रंग विचारायचा आहे त्यांनी संध्याकाळी सातनंतर फोटो पाठवावेत, त्याआधी माझे हात मिरचीत असतात.